समोरच्या बाकड्यावरचे पेशंट

माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर प्राण्यांचा दवाखाना आहे. दवाखान्याबाहेर एक बाकडं. भाकरी थापता थापता तिथलं सगळं ऐकू येतं. मी मुद्दाम ऐकते असं आमचे हे म्हणतात, पण कानाला झाकण कुठून आणू? मांजराचे केस सतरंजीला चिकटतात ना, तसे हे किस्से मला चिकटलेत. झटकले तरी जात नाहीत!

*

एकदा एक बाई पिशवीत मांजर घेऊन आल्या. नाकाला पाणी, डोळ्यांत चिपडं, शिंकांवर शिंका.

"घरी काही केलं का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"केलं की! मीठ-मिरच्या उतरवून जाळल्या. लई दृष्ट लागलीया बघा, त्यानंतर तर शिंका डबल झाल्या!"

"तेव्हा मांजर कुठं होतं?"

"माझ्या मांडीवरच की!"

डॉक्टरीणबाईंनी सर्दीचं औषध दिलं, कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसानं डोळे पुसायला सांगितले आणि मिरच्यांवर बंदी घातली. बाई दारातनं परत फिरल्या.

"मग नुसत्या मिठानं उतरंल व्हय?"

*

उन्हाळ्यात एक तरुण भलामोठा झुबकेदार कुत्रा घेऊन आला. बर्फाच्या देशातली जात म्हणे! जीभ बाहेर, धाप थांबेना.

"मॅडम, काय झालंय ह्याला?"

डॉक्टरीणबाई त्याच्या पोटावर, पंजांवर पाणी ओतत होत्या. मान वर न करताच म्हणाल्या, "ह्याला सोलापूर झालंय!"

*

मंगळवेढ्याकडचे एक मामा आले. कुत्र्याच्या अंगावर गोचीडच गोचीड. मामांनी म्हशीचं औषध तेवढंच्या तेवढं कुत्र्याला चोळलेलं.

"म्हशीला लागू पडतंय की, मॅडम!"

"मामा, ही म्हैस हाय व्हय?"

"न्हाय. पर राखणीला म्हशीपेक्षा बरं हाय!"

डॉक्टरीणबाईंनी कुत्र्याला स्वच्छ धुतलं. मग त्याचा ओठ वर करून दाखवला. "हिरड्या बघायच्या, मामा. गुलाबी असल्या तर ठीक. पांढऱ्या पडल्या, कुत्रं सुस्त झालं, खाईना, तर गोचीडताप असू शकतो. घरी काही चोळत बसायचं नाही. उचलून आणायचं."

मामांनी मान हलवली. खिडकीत मीपण हलवली.

*

त्या दिवसापासून मला नादच लागला. गल्लीतल्या एकेका कुत्र्याचा ओठ वर केला मी. एकदा दुपारी आमचे हे तोंड उघडं टाकून घोरत होते. हात आपोआप गेला.

यांनी एक डोळा उघडला. "सापडली का एखादी गोचीड?"

*

आता शेजारच्या महादेवी अक्कांचं सांगते. घर कट्टर शाकाहारी. नातवानं हौसेनं शेरू पाळला आणि नोकरी लागल्यावर अक्कांच्या गळ्यात टाकून पुण्याला गेला. अक्का त्याला दूध-भाकरी घालायच्या, पण लांबूनच. त्या घरच्यांशी कन्नड बोलतात आणि बाहेरच्यांशी मराठी. नातवाला जेवायला बोलवायच्या, "बारो, ऊटा माडो." ये रे, जेव. शेरूला मात्र मराठी! "सर तिकडं!"

एका दुपारी शेरूची भाकरी तशीच पडलेली दिसली. मी जाऊन ओठ वर केला. हिरड्या पांढऱ्याफटक! चादरीत घालून आम्ही दोघींनी त्याला समोर नेलं.

गोचीडतापच निघाला. इंजेक्शन झालं, सलाईन झालं.

"औषध लागू पडेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण पोटात काहीतरी गेलं पाहिजे. उकडलेलं अंडं देऊन बघा."

अक्कांनी पदर नाकाला लावला. "आमच्या दारात अंडं कदी आलं न्हाय, बाई."

"तुमच्या दारात कशाला? मी उकडते माझ्याकडं," मी म्हटलं.

शेरूला माझ्या दारापुढच्या ओट्यावर ठेवलं. अंडं सोललं, पुढं केलं. त्यानं नुसतं हुंगलं आणि तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशीही तेच. पनीर नको, दही नको. पडल्या पडल्या अक्कांच्या दाराकडं बघत राहायचा.

डॉक्टरीणबाई येऊन बघून गेल्या. जाताना हळूच म्हणाल्या, "आज काही खाल्लं नाही तर अवघड आहे."

अक्का आपल्या दारात उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं.

थोड्या वेळानं त्या आल्या. पदर खोचला, माझ्या ओट्यावर मांडी घातली. हात पुढं केला. मी सोललेलं अंडं त्यांच्या हातावर ठेवलं. त्यांनी तोंड पलीकडं फिरवलं, अंडं तळहातावर कुस्करलं आणि हात शेरूच्या नाकाशी नेला.

"बारो, शेरू," अक्का म्हणाल्या. "ऊटा माडो."

शेरूचे कान हलले. त्यानं तळहात चाटला. मग एक घास. मग आणखी एक. अक्कांनी हात हलवला नाही. तळहात साफ झाला तरी तो चाटतच होता.

मी नुसती बघत बसलेली.

तोंड पलीकडंच ठेवून अक्का माझ्यावर खेकसल्या, "बघत काय बसलीस? दुसरं सोल की!"