शेऱ्याचा कोरा रकाना

भुताखेतांचं सोडा, मी रेशनकार्डावर लिहिलेल्या नावांवरही कधी विश्वास ठेवला नाही. नाशिकला पुरवठा खात्यात निरीक्षक म्हणून माझी उमेदीची वर्षं गेली. कार्डावर माणसं सात आणि घरात पाच, हे मी उंबऱ्याबाहेरच्या चपला बघून सांगायचो. त्यामुळे या सदरातले पांढऱ्या साडीतल्या बाईचे वगैरे अनुभव मी आजवर चहासोबत वाचले आणि गालातल्या गालात हसलो. आता स्वतःच लिहायला बसलोय, तेव्हा तुम्हीही हसून घ्या... माझी हरकत नाही.

गोष्ट सत्त्याण्णव सालच्या डिसेंबरातली. माझी भाची वैजू तेव्हा एकोणतीस वर्षांची. तिचे वडील लवकर गेले, म्हणून अक्कानं – माझ्या थोरल्या बहिणीनं – तिच्या लग्नाचं सगळं माझ्यावर सोपवलेलं. आमच्या नात्यात कुणाचंही स्थळ आलं की चौकशीला मलाच पाठवायचे. फुलस्केप कागदावर मी रकाने आखायचो. व्यसन, आजार, आधीचं लग्न, स्वभाव, घरची माणसं आणि सगळ्यात शेवटी शेरा. वैजूची आधीची तीन स्थळं माझ्या शेऱ्यानं मोडली होती. एक पीत होता. एकाची पहिली बायको माहेरी होती. तिसऱ्यात खरं सांगायचं तर काहीच खोट नव्हती, मला तो माणूस पटला नव्हता इतकंच.

आणखी एक गोष्ट, वैजूच्या परवानगीनं लिहितोय. तिला लहानपणापासून फिट्स यायच्या. गोळ्या चालू होत्या, सहा वर्षांत एकही आली नव्हती. पण हे आम्ही कुणालाच सांगत नव्हतो. "सांगून टाकू या ना मामा," ती म्हणायची. मी म्हणायचो, "लग्न झाल्यावर बघू." लोकांच्या घरातलं झाकलेलं उघडं करत फिरणारा मी, आमचं मात्र नीट झाकून बसलो होतो. तेव्हा त्यात मला काही वावगं वाटलं नाही.

चौथं स्थळ आलं ते जव्हारचं. मुलगा प्रकाश, तिथल्या एका शाळेत विज्ञानाचा शिक्षक. आठवडाभर जव्हारला खोली करून राहायचा, शनिवारी दुपारी घरी. घर मोखाड्याहून खोडाळ्याकडे जाताना एका पाड्यालगत, भाताची नि नागलीची शेती. वडील – तात्या – सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. आमच्याच समाजातली माणसं. फोटोत मुलगा बरा दिसत होता. मान जरा लांब, एवढंच.

मी काजूच्या कलमांचा एजंट बनून जव्हारला उतरलो. मफलर, काळा चष्मा, हातात रेक्झिनची बॅग. स्टँडसमोर चहा घेत होतो तर दोन शेतकऱ्यांनी गाठलं, मोहोराला कीड पडते त्यावर काय मारायचं म्हणून. मी गंभीर चेहऱ्यानं "पाणी कमी द्या" असं काहीतरी सांगून सटकलो.

चौकशीत पहिला न्हावी, हा माझा नियम. बाजारातल्या दुकानात दाढीला बसलो आणि हळूच तात्यांचा विषय काढला.

"ओळखतो की. देवमाणूस," न्हावी म्हणाला. "पन आपल्या खुर्चीत कधी बसले नाहीत. पोरगाही नाही."

"मग दाढी कुठे करतात?"

"येतच नसंल."

"अहो, मिशी आहे ना तात्यांना. मी फोटो बघितलाय."

"ती आहे खरी," म्हणाला, आणि वस्तऱ्याला धार लावत बसला.

त्याच ओळीत शिंप्याचं दुकान. दारातच एक पँट टांगलेली होती आणि तिची बैठक माझ्या तपासनीस नजरेला खटकली. विचारलं तर म्हणाला, प्रकाश सरांची.

"मागं एवढं कापड?"

"वीतभर जास्त सोडायचं. तात्यांचं पन तसंच. माझा बाप त्यांच्या बापाचे लेंगे शिवायचा, तेही तसेच."

"पण कशाला?"

"बसायला बरं पडतं म्हणतात." मग त्याला एकदम आठवलं असावं. "गिऱ्हाइकाचं माप आपन भाईर सांगत नसतो हां."

पाठीच्या कण्याचं काही दुखणं असेल, वंशपरंपरेनं आलेलं. मी 'आजार' या रकान्यात पेन्सिलीनं खूण केली आणि शाळेकडे गेलो. शनिवारची सकाळची शाळा. कलमं शाळेच्या आवाराला द्यायचीत असं शिपायाला सांगून आत शिरलो आणि आठवीच्या वर्गाच्या खिडकीशी थांबलो.

भिंतीवर डायनासोरांचा तक्ता. त्या वर्षांत पोरांना त्यांचं वेडच होतं, कंपासपेटीवरसुद्धा तेच. प्रकाश मास्तर छडीनं दाखवत होते.

"हे चित्र चुकलंय," ते म्हणाले. "शेपटी अशी जमिनीवरून फरफटत नेत नाहीत. वर धरतात, मागं, सरळ. नाहीतर संध्याकाळपर्यंत कंबर धरते."

मुलं हसली. मास्तर हसले नाहीत. त्यांचा चेहरा असा झाला होता की जणू कुणीतरी त्यांच्या घरच्यांबद्दल वाईट बोललंय. तक्त्याच्या खाली मोठ्या अक्षरात 'नामशेष' छापलेलं होतं, त्यावर कागदाची पट्टी चिकटवलेली. खिडकीतून वारा आला, पट्टी उचलली गेली आणि मास्तरांनी ती बोलता बोलता अंगठ्यानं पुन्हा नीट दाबून बसवली.

मी हसलो नाही. कागद काढला, पण हे कुठल्या रकान्यात घालायचं ते कळेना.

मुक्काम मोखाड्याला केला आणि रविवारी सकाळी पहिल्या गाडीनं खोडाळ्याच्या वाटेवर उतरलो. थंडी मरणाची. घरामागे एक मोठा कातळ होता आणि त्यावर अख्खं घर बसलेलं... तात्या, त्यांची बायको, प्रकाश, धाकटी मुलगी. सगळ्यांच्या पाठी उन्हाकडे. थंडीत ऊन कोण खात नाही? मीही खातो. पण आपण बोलतो, खोकतो, पाय हलवतो. ही चौघं पाऊण तास हलली नाहीत. मी करवंदीच्या जाळीआड घड्याळ लावून बसलो होतो.

मग घराच्या पुढच्या बाजूला आलो. अंगण नुकतंच सारवलेलं, ओलं होतं. त्यात पावलं उमटलेली, दारातून निघून कातळाकडे गेलेली. तीन बोटांची. माझी वीत मोठी आहे, तरी एकेक पाऊल वितीपेक्षा चार बोटं जास्त भरलं.

डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेली एक म्हातारी बाई बाजूनं चालली होती. मी तिला थांबवलं.

"आजी, यांचा कोंबडा फार मोठा आहे का?"

"कोंबडा नाय त्यांचे घरी."

"मग हे पाय कुणाचे?"

तिनं पावलांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "घरच्याच मानसांचं आहात."

"तुम्हाला माहीत आहे हे?"

"माना लहानपनापासून माहीत. आमचे आजालापन माहीत होता."

"आणि कुणी काही बोलत नाही?"

"काय बोलायचा? आमची भाताची लावणी असली का पयले तेच येतात," म्हणाली, मोळी सावरली आणि गेली.

आल्या पावली परत फिरावं असं वाटलं, तेवढ्यात कातळावरून, मागे वळूनही न बघता, तात्यांचा आवाज आला. "काजूवाले पाहुणे, थंडीत उभे का? चहा घेऊन जा."

गेलो. काय करणार? चहा चांगला होता, आल्याचा. नंतर आग्रहानं जेवायलाच बसवलं. घरात व्यसन नाही, भांडण नाही, सून आली तर तिला नोकरी करू द्यायची म्हणाले. माझे सगळे रकाने छान भरत होते. प्रकाशनं स्वतः वाढलं, आईला आधी बसवलं. मी एका डोळ्यानं सगळं टिपत होतो. जेवणानंतर बडीशेपेची म्हणून वाटी पुढे आली, त्यात नदीतले गुळगुळीत गोटे. तात्यांनी दोन उचलले आणि गिळले.

"पचनाला बरं पडतं," ते म्हणाले. "तुमच्यासाठी बडीशेप आणतायत."

आणि मग त्यांनी पापणी मिटली. खालून वर. कोंबडीची मिटते तशी.

माझा संशय आता साफ लिहून टाकतो, म्हणजे माझं डोकं फिरलंय असं म्हणायला तुम्ही मोकळे. तक्त्यावर ज्यांना नामशेष म्हणून छापलं होतं, त्यांच्या घरी मी दोन पोळ्या आणि वाटीभर भात खाऊन आलो होतो.

परतीच्या गाडीत मी कागद मांडीवर घेऊन बसलो. व्यसन – नाही. आधीचं लग्न – नाही. स्वभाव – उत्तम. शेऱ्याच्या रकान्याशी पेन अडकलं. लिहिलं तर अक्का मला वेड्यात काढणार, किंवा खरं मानणार... आणि वैजूचं चौथं स्थळही माझ्याच हातानं जाणार. नाही लिहिलं तर पोरीला मी कुठे पाठवतोय? घाटभर हेच चाललं होतं.

दार वैजूनंच उघडलं. पाणी दिलं, समोर उभी राहिली. पदराला हात पुसत म्हणाली, "मामा, ह्या वेळी काय निघालं?"

त्या 'ह्या वेळी'नं मला आतून कापलं. तीन वेळा ती अशीच उभी राहिली असणार आणि मी कधी तिच्याकडे बघितलंही नव्हतं.

"काही नाही निघालं," मी म्हणालो.

लग्न झालं. पहिलं वर्ष मी दर महिन्याला काही ना काही निमित्त काढून जव्हारला जायचो आणि तिचा चेहरा तपासायचो. बोट ठेवायला काही सापडत नव्हतं. वैजू हसत होती, जाड होत होती.

दुसऱ्या वर्षी तिला फिट आली. सासरी, भर अंगणात. मला कळलं तेव्हा मी हादरलो, आता घरी पाठवणार हे धरूनच निघालो. गेलो तर वैजू कातळावर उन्हात बसलेली, सगळ्यांच्या मध्ये.

"मामा," ती हळूच म्हणाली, "कुणी कांदा नाही हुंगवला. चप्पल नाही आणली. सासूबाईंनी मला कुशीवर वळवलं, डोकं मांडीवर घेतलं. बाकीचे सावली करून उभे होते. डोळे उघडले तर मामंजी म्हणाले, चहा टाकू का?" मग तिला रडू आलं. मलाही आलं.

पुढे कधीतरी आम्ही सगळे शिरपामाळला फिरायला गेलो होतो. तात्या आणि मी मागे राहिलो, उन्हाकडे पाठ करून. ते एकदम म्हणाले, "मीही आलो होतो नाशिकला, लग्नाआधी. घड्याळं दुरुस्त करणारा बनून. तुमच्या मेडिकलवाल्याकडून वैजूच्या गोळ्यांचं नाव काढून आणलं."

मला मान वर करवेना. "मग?"

"मग काय... मीही कागदावर रकाने आखतो. शेऱ्याचा कोरा ठेवला." मग म्हणाले, "तुमचाही कोराच होता ना?"

मी हो म्हणालो. त्यांनी पापणी मिटली, खालून वर.

याचा उलगडा मला आजही झालेला नाही. वैजूला विचारलं तर म्हणते, "नको ना मामा." एका डॉक्टर मित्राला ती पावलं कागदावर काढून दाखवली, त्यानं मला झोप नीट लागते का म्हणून विचारलं. कुणाकडे स्पष्टीकरण असेल तर जरूर कळवा, पण गावाचं नाव विचारू नका.

परवा वैजूच्या तीन वर्षांच्या लेकीसाठी फ्रॉक शिवायला टाकला. वैजूनं चिठ्ठीत माप लिहून पाठवलं होतं... मागे चार बोटं कापड जास्त. आमच्या नाशिकच्या शिंप्यानं चष्मा वर करून विचारलं, हे कशाला?

मी म्हणालो, "बसायला बरं पडतं."