मामाच्या डब्यातले दोन समुद्र

मामा गेला, आणि हार घालायला घरात त्याचा एक धड फोटो नव्हता.

जन्मभर दुसऱ्यांचे फोटो काढणारा माणूस! तेही विकतच्या कॅमेऱ्याशिवाय.

मामा कुळगीच्या जंगलातल्या कॅम्पात स्वयंपाकी होता. तिथं आलेल्या एका पाहुण्यानं त्याला पिनहोल शिकवलं. दूधपावडरचा रिकामा डबा, आतून काळा रंग, सुईनं पाडलेलं एक भोक, आत फोटोचा कागद. झाला कॅमेरा.

"हलू नका!" हा त्याचा मंत्र. आमचं निम्मं गुंद गाव त्याच्यापुढं श्वास धरून बसलंय.

शेवटचा डबा त्यानं कारवारला, मावशीच्या घराच्या भिंतीला, समुद्राकडं तोंड करून बांधला. मावशी म्हणजे त्याची धाकटी बहीण.

"आपल्या डोंगरातली काळी नदी तिथं समुद्राला मिळती. वरीसभर बघू दे की डब्याला," मामा म्हणाला.

"वर्षभर? आणि फोटो एकच?" मी विचारलं.

"व्हय. सूर्य रोज एकेक रेघ वढतो. फकस्त डबा हलवायचा न्हाई. केसभर बी न्हाई."

तीन महिन्यांनी मामा गेला. झोपेतच, कुणाला त्रास न देता.

बाराव्याला मावशी गुंदला आली. पिशवीतनं काहीतरी काढून पाटावर ठेवलं, हार घातला, पुढं भात-आमटीचं पान वाढलं.

डबा!

"अगं मावशी, हलवायचा नव्हता तो!" मी सगळ्यांदेखत ओरडले.

"मग हार कुणाला घालू? फोटो न्हाई त्याचा. ह्योच हाय."

खरं सांगते, त्या दिवशी मी मामासाठी कमी आणि त्या फोटोसाठी जास्त रडले. त्याचं शेवटचं काम, आणि फेल!

मावशीनं डबा परत नेऊन त्याच खिळ्याला बांधला. अंदाजानं.

डबा पहिल्यांदा बांधला त्याला वर्ष उलटून गेलं तरी माझा तो उघडायचा धीर होत नव्हता. शेवटी काल कारवारला गेले. खिडक्या लावून घेतल्या. डबा उघडला.

"आलं काय गं?" मावशी दारातनं.

आलं होतं.

शेकड्यानं रेघा, समुद्रात उतरलेल्या. पावसाळ्यात मध्येच तुटलेल्या. एकही होडी नाही, एकही माणूस नाही. हलतं ते डब्यात टिकत नाही, मामा म्हणायचाच.

आणि समुद्र दोन. एक सरळ, फिकट. त्याच्यावर दुसरा, जरासा तिरका, गडद.

फिकट मामा होता तेव्हाचा, तीनच महिन्यांचा. गडद तो गेल्यानंतरचा.

मावशीला हे समजावून सांगितलं. तिनं फोटो जवळ ओढला. मग फिकट समुद्रावर बोट ठेवून म्हणाली, "म्हंजे हितं दादा हाय."

वर्षभर मी हिला मनातल्या मनात बोल लावत होते. हिनं डबा हलवला नसता तर मामाचे ते तीन महिने बाकीच्या दिवसांत मिसळून गेले असते. माझं मलाच हसू आलं, मग दोघी पोटभर रडलो.

आज गुंदला वर्षश्राद्ध. पाटावर तोच फोटो आहे, त्यालाच हार घातलाय.

मामा, फोटो मस्त आलाय रे.

आता हललास तरी चालेल.