मीनलला मांजर चालत नाही

जनावरांच्या दवाखान्यात किस्से जमवावे लागत नाहीत. कुत्र्यामांजरांच्या केसांसारखे ते कपड्यांना चिकटून रोज घरी येतात! आमच्या गुरुग्रामच्या क्लिनिकमधले निम्मे तरी मीनलचे. ती सांगलीची. मी कुत्री बघते, ती मांजरं बघायची.

*

काही वर्षं सगळं छान चाललं. मग तिला शिंका सुरू झाल्या, मग खोकला, मग धाप. सगळ्यांचं निदान एकच, "दिल्ली की हवा है, यार!"

शेवटी मी तिला ओढत छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी विचारलं, "छुट्टी के दिन कैसा रहता है?"

"एकदम ठीक."

"अच्छा! तो संडे को दिल्ली की हवा भी छुट्टी पे जाती है?"

*

टेस्ट झाली. मांजरांची ऍलर्जी, आणि त्यातून कामावरच जडलेला दमा. सांगलीहून आईचा फोन आला, "तरी सांगत होते, माणसांची डॉक्टर हो!"

"आई, मग माणसांची ऍलर्जी झाली असती!"

फोन ठेवून ती बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडून रडली. नळाच्या आवाजातही आम्हाला ऐकू येत होतं.

*

औषधं झाली, एअर प्युरिफायर झाला. मास्क तर असा आणला की एक धिप्पाड लॅब्रॅडोर तिला बघून माझ्या मागे लपला!

*

एका दुपारी पर्शियन मांजर तपासता तपासता ती मटकन खाली बसली. ओठ निळसर, तोंडातून शब्द फुटेना. मी तिला पंप देत होते, तेवढ्यात मांजराची मालकीण रडकुंडीला आली, "मेरी बिल्ली को तो नहीं लगेगा ना?"

मीनलला श्वास मिळत नव्हता. तरी तिनं हातानंच खूण केली : नाही, काळजी नको. मग आम्ही तिला इमर्जन्सीत नेलं.

*

त्यानंतर छातीच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, मांजरं सोडा. मीनलनं कॉलेजात शिकवायची नोकरी धरली.

शेवटच्या दिवशी चढ्ढा अंकल आले. एकटे राहणारे सत्तरीतले गृहस्थ. त्यांचा म्हातारा बोका मीनलनं दोनदा मरणाच्या दारातून परत आणलेला. आज बोका बरोबर नव्हता. अंकल आत येईनात, दारातच उभे. केस ओले, अंगात लाँड्रीच्या घड्या न मोडलेला कुर्ता.

"अंदर आइए ना, अंकल."

"बेटा, पड़ोसी के घर नहाके आया हूँ. कपड़े भी वहीं बदले." ते जरा घुटमळले. "सर पे हाथ रख सकता हूँ?"

मीनल दारापर्यंत गेली आणि वाकली.