एका वाक्याचे साडूभाऊ

आमचे साडूभाऊ मोठे कलावंत आहेत. म्हणजे असं, की टीव्हीवर एक विनोदी कार्टून मालिका लागते, तिच्यातल्या कुटुंबाच्या शेजारी एक टकला माणूस राहतो. तो खिडकीतून डोकं बाहेर काढतो, “अहो, काय चाललंय काय?” म्हणतो आणि खिडकी लावून घेतो. तो आवाज साडूभाऊंचा. नऊ वर्षं हेच वाक्य. पण घरात थाट असा, की मैफल तोंडावर आली आहे. भर उन्हाळ्यात गळ्याला मफलर, प्यायला कोमट पाणी, आणि घसा जपायचा म्हणून बोलणं निम्मं खुणांनी. माझी मेहुणी, म्हणजे ताई, त्यांच्याही वाटचं बोलून घेते. तिची काही तक्रार नाही.

परवा स्टुडिओतल्या रेकॉर्डिस्टनं त्यांना दारातच थांबवलं.

“काका, आता यायची तसदी घेऊ नका. तुमचं वाक्य चारशे वेळा घेऊन ठेवलंय. त्यातलंच लावत जाऊ.”

वर आत नेऊन कॉम्प्युटरवर त्या चारशेंची वर्गवारीही दाखवली: वैतागलेला शेजारी, घाबरलेला शेजारी, विनोदी शेजारी.

साडूभाऊ तडक माझ्याकडे आले. “मी दर वेळी वेगळं म्हणतो हो!”

“चार शब्दांत वेगळं काय म्हणणार?” मी हसू दाबत विचारलं.

“माणूस रोज वेगळा असतो ना.”

यावर काय बोलणार, कपाळ! हेच दिग्दर्शकाला सांगा म्हटलं, आणि फुकटची गंमत बघायला बरोबर गेलो. दिग्दर्शकानं सगळं ऐकून घेतलं, “वा, फार खोल बोललात” म्हणाला आणि चहाही न विचारता आम्हाला वाटेला लावलं.

रविवारी आम्ही सगळे ताईकडे टीव्हीसमोर बसलो होतो. खिडकी उघडली, टक्कल बाहेर आलं आणि वाक्याच्या शेवटी आवाज असा काही चिरकला, की मुलं गडबडा लोळली. मीही पोट धरून हसलो.

ताईनं उठून टीव्ही बंद केला.

“आई गेली त्या दिवशीचं आहे हे,” साडूभाऊ म्हणाले. “सकाळी तिला पोचवून तसाच स्टुडिओत गेलो होतो. तीनदा म्हटलं, तीनदा चिरकला. विनोदीमध्ये टाकलं वाटतं त्यांनी.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

साडूभाऊंनी ताईच्या हातातून रिमोट घेतला. “लाव गं. अजून कुठकुठले दिवस बाहेर काढतायत, बघू दे मला.”