चिंचेने घासलेला कार्बुरेटर

टेंभुर्णी सोडली तेव्हा उन्हे नुकतीच वर आली होती. माझा मुलगा वामन फटफटी चालवत होता आणि मी तिला जोडलेल्या बाजूच्या पाळण्यात बसले होते. सोलापुरात नव्या पेठेत बहिणीकडे दोन दिवस राहायचे होते. मला प्रवासाची हौस नाही. धूळ नाकात जाते आणि कंबर धरते.

शेटफळच्या पुढे फटफटी खोकू लागली आणि बंद पडली. एक मेंढपाळ बघायला आला.

“म्हातारे, मेंढरं जुंपू का?”

“जुंप की. तुझ्यापेक्षा बरी ओढतील.”

“लई तिखट हाय ही,” तो वामनला म्हणाला.

वामनचे लक्ष इंजिनाकडे होते. पेट्रोल आणि हवा एकत्र करून इंजिनाला पाजणारा एक पितळी भाग असतो, त्याला कार्बुरेटर म्हणतात. तो लखलखत होता.

“आई, हा आपला नव्हे. आपला काळा होता. गेल्या आठवड्यात सोलापूरच्या नरसय्या मिस्त्रीने दुरुस्तीला घेतला आणि बदलला. चोर आहे तो.”

निघायच्या आदल्या दिवशी देवाची पितळी उपकरणी घासून चिंच आणि राख उरली होती. त्यांनी मीच तो भाग घासला होता, वरचे झाकण फिरवून आतूनसुद्धा. तिथेच सांगायला हवे होते. पण परक्या माणसासमोर मुलाने मला वेड्यात काढले असते.

थांबत, खोकत मोहोळ गाठले. तिथे भाकरी आणि शेंगाचटणीची शिदोरी सोडली. चटणी चांगली होती. मी अर्धी भाकरी परत बांधून ठेवली.

सोलापुरात नरसय्या काम करायचा त्या दुकानात शिरताच वामनने मालक शेठला सगळे सांगितले. शेठ म्हणाला, “नरसय्या, हे खरं निघालं तर उद्यापासून येऊ नकोस.”

नरसय्या पद्मशाली विणकराच्या घरातला, पन्नाशीचा. त्याने कार्बुरेटर सोडवला, तळाशी ठोकलेला नंबर वाचला आणि आपली वही उघडली. गेल्या आठवड्यात टिपलेला नंबर तोच होता.

“साहेब, तुमचाच हाय. बघा की.”

“मग एवढा चकाकतो कसा?”

नरसय्याने आतले जेट (पेट्रोल येण्याचे बारीक भोक) काढून फुंकले. चिंचेची एक शीर बाहेर आली. त्याने तिचा वास घेतला. मग माझ्या बोटांकडे पाहिले. पितळ घासल्याचे काळे भेगांत तसेच होते.

“पेट्रोलात कचरा होता,” तो म्हणाला. “मी पुसलावता मागल्या खेपेला. म्हणून चकाकतंय.”

“नीट बघून द्यायला काय होतं?” शेठ ओरडला.

“चुकलं, शेठ.”

त्याने फटफटी चालू केली, कान लावला आणि स्क्रू जरा जरा फिरवला. हवा जास्त झाली की ती खोके, पेट्रोल जास्त झाले की काळा धूर टाके. आवाज एकसारखा लागल्यावर तो थांबला.

“बसा, अम्मा,” असे आईला हाक मारावी तसे म्हणत त्याने पाळण्याचे दार धरले. मी बसले.

बहिणीकडे दोन दिवस काय पाहिले ते लिहिण्यासारखे नाही. परतताना फटफटी सरळ पळत होती. मोहोळ मागे पडल्यावर मी म्हटले, “वामन, तो मी घासला होता.”

“काय म्हणालीस?” तो त्या आवाजात ओरडला.

“काही नाही. समोर बघ.”

एकदा बोलायला मला तीन दिवस लागले. दुसऱ्यांदा बोलले नाही. नरसय्या त्या दुकानात अजून आहे आणि वामन आता गाडी दुसरीकडे दाखवतो.