मागच्या चाकावरची सीट

डेपोत तिला सगळे कॅप्टन म्हणायचे. अरुंद गल्लीत समोरून टेम्पो आला तरी ती आपली बस अलगद काढायची, कपाळावर आठी नाही. आणि अशा बाईनं दोन वर्षं चौकशीच्या खिडकीत बसून काढली! "अकराची गाडी किती वाजता सुटते?" असल्या प्रश्नांना उत्तरं देत.

तिथे बसवलं कुणी? तसं पाहिलं तर तिनं स्वतःच. पहिलं मूल तिसऱ्या महिन्यात गेलं, तेव्हा सासूबाई उशाशी बसून रडल्या आणि म्हणाल्या, "बाई गं, त्या बसचे गचके... पोटातलं टिकणार कसं?" मनानं वाईट नव्हत्या हो त्या, डोक्यावरून हात फिरवत होत्या. पण शब्द रुतला तो रुतलाच. दुसऱ्यांदा दिवस राहिले, तेही गेलं. मग तिनं बस सोडली. तिसऱ्या खेपेला घर ते खिडकी, खिडकी ते घर, एवढंच. तरीही नाही टिकलं. आता तरी तिला कळावं की नाही? छे! स्वतःला दोष द्यायची एकदा सवय लागली की कारण कुठेही सापडतं. तिला डेपोचा जिना सापडला.

नवरा त्याच डेपोत मेकॅनिक. त्याची एक रीत होती. दुरुस्त केलेली गाडी तो नुसती बघून सोडायचा नाही. ड्रायव्हरला फेरी मारायला लावायचा आणि स्वतः मागच्या चाकावरच्या सीटवर बसायचा. सगळ्यात जास्त गचके तिथे, आणि लपलेला बिघाडही तिथेच ऐकू येतो, असं त्याचं म्हणणं. त्यानं पास केलेली गाडी सहसा वाटेत बंद पडत नसे.

आणि हाच पठ्ठ्या घरी काय करत होता? फक्त बायकोला तपासून घेत होता. तिचं रक्त, तिची सोनोग्राफी, तिचा थायरॉइड, गर्भपिशवीत दुर्बीण घालून तपासणी. सगळं नॉर्मल. नॉर्मल ऐकलं की तिचा चेहराच उतरायचा. काहीतरी सापडू दे रे देवा, निदान माझ्या हातून गेलं नाही एवढं तरी कळू दे, असं तिला वाटे. आणि याला विचारलं की हा छाती काढून सांगे, "दिवस राहतात ना? मग माझ्याकडून काही अडचण नाही." घ्या! फेरी न मारताच गाडी पास.

नव्या डॉक्टरीणबाईंनी मात्र त्याचं काही ऐकून घेतलं नाही. "दोघांचं रक्त द्या," म्हणाल्या. "गुणसूत्रं तपासायचीत." रिपोर्ट यायला बरेच दिवस लागले. तोवर घरात दोघं कामापुरतंच बोलत होती.

रिपोर्ट आले. तिचा नॉर्मल, बिघाड निघाला तो त्याच्या रिपोर्टात. "यांच्या दोन गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांच्या जागी बसलेत," बाई म्हणाल्या. "कमी काही नाही, म्हणून यांना त्रास नाही. पण बाळाकडे अर्धीच वाटणी जाते, आणि तेव्हा कधीकधी एखादा तुकडा कमी-जास्त होतो. मग गर्भ टिकत नाही."

"आणि बस?" तिनं विचारलं. "मी बस चालवत होते."

"बसचा काडीचाही संबंध नाही. तुम्ही नऊ महिने झोपून राहिला असतात, तरी हेच झालं असतं."

ती हमसून हमसून रडली. छातीवरचा दगड उतरला होता, आणि तो किती जड होता हे तिला आत्ता कळत होतं.

"म्हणजे सगळं माझ्यामुळे?" नवरा पुटपुटला.

"दोष तुमचाही नाही. जन्मापासूनच तसं आहे. पुढचं मूल सुखरूप होऊही शकतं. नाहीतर प्रयोगशाळेत गर्भ तयार करून, तपासून मगच पोटात ठेवता येतो. खात्री कशाचीच देत नाही, पण वाट आहे."

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "अगं, मी मागच्या सीटवर बसलोच नाही."

तिला राग आला, चांगलाच आला. "गाढव आहात!" ती म्हणाली. "आहेच," तो म्हणाला, आणि त्याचं ते पडलेलं तोंड बघून तिला रडता रडता हसू फुटलं.

घरी त्यानंच आईला सगळं सांगितलं. सासूबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. कॅप्टननं दुसऱ्याच दिवशी साहेबांकडे आपली बस परत मागितली.

ती मिळाली त्या सकाळी घराजवळच्या स्टॉपवर सासूबाई उभ्या. पर्स काखेत, तिकिटाचे पैसे मुठीत. पुढे जागा रिकामी असताना तडक मागे गेल्या आणि चाकावरच्या सीटवर बसल्या. कुठली ते मुलाकडून विचारूनच आल्या होत्या. शेवटच्या स्टॉपपर्यंत प्रत्येक खड्ड्याला त्या उडताना कॅप्टनला आरशात दिसत होत्या.

बस रिकामी झाली तेव्हा त्या दांडे धरत पुढे आल्या. "कंबर मोडली गं माझी," म्हणाल्या. मग खाली बघत बोलल्या, "हे गचके मी तुझ्या माथी मारले. म्हटलं, एकदा आपणही खाऊन बघावेत. चुकलं माझं."

कॅप्टननं डोळे पुसले, बस सुरू केली.

"आई, परत जाताना पुढे बसा," ती म्हणाली. "माझ्या शेजारी."