उंबऱ्याखालची रेघ

हेंद्रेपाड्यातील आमच्या इमारतीच्या तळघरात बॅटरीवर चालणारा पंप बसवायला उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधून एक मेकॅनिक आला होता. त्याचे नाव विचारायचे राहूनच गेले. पुरात वीज जाते, जुना पंप बंद पडतो आणि तळघरात राहणाऱ्या वॉचमनच्या खोलीत पाणी शिरते, हे सेक्रेटरी म्हणून मी दोन पावसाळे पाहत होतो. तरीही काम पुढे ढकलत राहिलो.

पाणी कुठवर चढल्यावर पंप सुरू व्हावा, असे त्याने विचारले. मी तळघरात उभ्या असलेल्या गाडीच्या चाकाकडे बोट दाखवले. तो वॉचमनच्या दाराशी गेला, उकिडवा बसला आणि दारापुढच्या, पंपासाठी खणलेल्या खड्ड्याच्या भिंतीवर, उंबऱ्याच्या वीतभर खाली, खडूने रेघ ओढली.

"साहेब, गाडी भिजली तर पुसता येते. यांच्या अंथरुणाचं काय?"

"रेघेवरच लावा," मी म्हणालो.

पंप बसल्यावर त्याने खड्डा बादल्यांनी भरला आणि वॉचमनच्या बायकोला हाक मारली. "ताई, मेन स्विच तुम्हीच बंद करा. डरना मत."

तिने स्विच पाडला. अंधारात पंप घुरघुरला आणि पाणी उतरू लागले.

"अगं बाई, लाइट नाही तरी चालतोय!" ती हसली.

"वहिनी, हे आधीच व्हायला हवं होतं. चूक माझी आहे," मी म्हणालो.

"झालं ना आता, साहेब," असे म्हणत तिने खोलीत जाऊन पुराच्या धास्तीने फळीवर चढवलेला पिठाचा डबा उतरवला आणि जमिनीवर ठेवला.